अडीच लाख अंडी, सव्वा तास

३ मार्च, सोमवार

फेब्रुवारीची बॅच बुडाली, हे आज या वहीत स्वच्छ शब्दांत मान्य करते. कारण नजर लागणे नव्हे, दैव नव्हे, आणि उकंडराव चौकात सांगत फिरतात तसे 'बायांचा धंदा' हेही नव्हे. कारण मोजता येण्याजोगे आहे, आणि जे मोजता येते ते दुरुस्त करता येते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून, अकरा वर्षे तासिका तत्त्वावर महाविद्यालयात शिकवून आणि तीन वर्षांपूर्वी जवळा बाजार गावाच्या कडेला हे रेशीम बालकीटक केंद्र उभारून मी एवढे तरी शिकले आहे.

कारण असे. रेशीमकिड्याची अंडी कोल्हापूरकडच्या केंद्रातून येतात. ती माझ्याकडे फुटतात, अळ्या आठवडाभर वाढतात आणि मग गटातल्या बायका त्या आपापल्या शेडमध्ये नेऊन तुतीच्या पाल्यावर पोसतात. सगळी अंडी एकाच सकाळी फुटणे आवश्यक असते. अळी चार वेळा कात टाकते आणि दर वेळी जवळपास दिवसभर झोपते. त्या काळात पाला घालायचा नसतो. निम्म्या जाग्या आणि निम्म्या झोपलेल्या असतील, तर घातला तरी नुकसान, न घातला तरी नुकसान. या वेळी खासगी बस सोलापूरजवळ नऊ तास बंद पडली, अंड्यांची पेटी इंजिनालगतच्या कप्प्यात भाजत राहिली, आणि अंडी चार दिवस फुटत राहिली.

आठजणींपैकी तिघींनी गट सोडला. उरलेल्या पाचजणींतल्या द्वारकाबाईंकडे आज गेले. त्यांची दोन एकर तुती आहे, सातबारा त्यांच्याच नावावर. पती जाऊन सहा वर्षे झाली. ट्रॅक्टर मात्र दिराचा, म्हणजे उकंडरावांचा. ते बांधावरच उभे होते.

"म्याडम, आता बास करा. पाडव्याला नवं साल लागतंय. नारळ फोडतो अन् ट्रॅक्टर घालतो हिच्या तुतीत. सोयाबीन पेरलं की वैनीची तकलीफ गेली अन् माझीबी."

"अन् पाडव्याला अळ्या निघाल्या तर?" द्वारकाबाईंनी विचारले. डोक्यावरचा पाल्याचा भारा त्यांनी उतरवलासुद्धा नव्हता.

"बराबर निघाल्या तर ऱ्हाऊ द्या तुमची तुती. न्हाई निघाल्या तर मंग माझं ऐकायचं."

"ठरलं, भावजी."

पाडवा तीस तारखेला आहे. सत्तावीस दिवस.

५ मार्च, बुधवार

दोन दिवस पर्याय तपासले. भाड्याची गाडी म्हणजे तोच रस्ता आणि तेच सोलापूर. रेल्वेला दोन ठिकाणी बदल. आणि मग आज दुपारी सापडले! कोल्हापूर ते नांदेड छोट्या विमानाची नवी फेरी सुरू झाली आहे, आठवड्यातून तीन दिवस, त्यांत शुक्रवार, म्हणजे पाडव्याच्या दोन दिवस आधीची सोय.

ताबडतोब नकाशा उघडून गणित मांडले. नांदेडचा विमानतळ कोल्हापूरच्या विमानतळापेक्षा अडीच अंशांहून जरा जास्त उत्तरेला आणि तीन अंशांहून जरा जास्त पूर्वेला आहे. अंशाचे एकशे अकरा किलोमीटर धरले, काटकोन त्रिकोण केला, कर्ण काढला: चारशे सदतीस किलोमीटर. रस्त्याने हेच अंतर पाचशेच्या आसपास भरते. विमानाचा वेग ताशी पाचशे धरला, तर हवेत बावन्न मिनिटे. वेळापत्रकात मात्र एक तास पंधरा मिनिटे लिहिली आहेत. ही फसवणूक नाही. वेळापत्रक दार बंद झाल्यापासून दार उघडेपर्यंतची वेळ मोजते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, चढणे, उतरताना वळसा घेणे हे सारे त्यात येते. किती सुंदर गोष्ट आहे ही! बावन्न आणि पंचाहत्तर यांच्यामध्ये एक संपूर्ण शास्त्र दडलेले आहे.

जेवताना बालाजींना सर्व समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. नवरा म्हणून हा त्यांचा मोठा गुण.

"कोण जाणार आणायला?" त्यांनी विचारले.

"मी."

"तू?"

"मी."

संध्याकाळी शेडच्या पत्र्यावर चढून सावलीची जाळी ताणण्याचे काम नेहमीप्रमाणे त्यांनीच केले. मी खालून सूचना दिल्या.

९ मार्च, रविवार

केंद्रावर गटाची बैठक. शाळेतला पृथ्वीगोल मिळाला नाही, म्हणून टरबूज घेतले. त्यावर खडूने दोन ठिपके काढले, सुतळी ताणून दाखवली आणि सांगितले, की गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे ही ताणलेली सुतळी. रस्ता मात्र गावे, घाट, पूल पाहत फिरतो.

"म्याडम, शिकवून झालं की पृथ्वी कापायची ना?" कोमल म्हणाली. ती गटात सर्वांत लहान आणि सर्वांत वात्रट.

"आधी समजून घे. कोल्हापूरच्या केंद्रापासून तिथला विमानतळ दोन तास, तिथे थांबणे दोन तास, विमान सव्वा तास, नांदेडहून इथे पावणेदोन तास. म्हणजे एकूण सात तास. बसने चौदा लागायचे, तेही ती चालली तर."

"न्हाई चालली तर चाळीस," कोमल म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

द्वारकाबाई हसल्या नाहीत. टरबुजाकडे पाहत होत्या.

"वर गेल्यावर खालचं दिसतं का?"

"ढग नसतील तर दिसते. विमान पाच-सहा किलोमीटर उंच असते."

"खिडकी समद्यांला असती?"

"नाही. एका ओळीत चार आसने असतात. त्यांतल्या दोघांना खिडकी मिळते."

"मागून घेता येती?"

मी आसन-निवडीची पद्धत समजावली. मग त्यांनी विचारले की पायात चप्पल चालते का, वर पाणी देतात का, लुगडं नेसून बसू देतात का. द्वारकाबाईंची शास्त्रीय जिज्ञासा खरोखर वाखाणण्याजोगी आहे. हवाई वाहतुकीच्या इतक्या बारकाव्यात बाकी कोणी शिरले नाही.

पृथ्वी शेवटी कापली. गोड निघाली.

१३ मार्च, गुरुवार

तिकिटाचे पान उघडले होते, पण नेटवर्क गेले.

दरम्यान एक मूलभूत प्रश्न उभा राहिला आहे. उंचीवर विमानातील हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी ठेवलेला असतो. अंड्यांवर त्याचा काय परिणाम होतो? रेशीम कार्यालयातल्या ओळखीच्या अधिकाऱ्यांना विचारले. "म्याडम, अहो, देशभर अंडी विमानानंच फिरतात," ते म्हणाले. पण छापील संदर्भ त्यांच्याकडे नव्हता. संदर्भ मिळेपर्यंत तिकीट काढणे उतावीळपणाचे ठरेल. शिवाय हवेतले धक्के. त्या विषयावरचा आठ मिनिटांचा व्हिडिओ अभ्यासासाठी पाहिला. दुपारी जेवण गेले नाही. ऊन वाढले आहे.

१७ मार्च, सोमवार

माझ्या गणितात चूक होती!

अक्षांशाचा एक अंश सर्वत्र जवळपास सारखा, एकशे अकरा किलोमीटरच्या आसपास. रेखांश मात्र ध्रुवाकडे एकमेकांजवळ सरकत जातात, टरबुजावरच्या पट्ट्यांसारखे. आपल्या पट्ट्यात रेखांशाचा अंश एकशे सहाच किलोमीटरचा भरतो. मी दोन्ही अंश सारखेच धरले होते. हातात टरबूज धरून ही चूक केली! दुरुस्त अंतर चारशे पंचवीस किलोमीटर, हवेतली वेळ एक्कावन्न मिनिटे. बारा किलोमीटर वाचले. ही बातमी द्वारकाबाईंना सांगायला निघाले, तर चहाच्या हॉटेलासमोर उकंडरावांनी गाठले. भोवती पाच-सहाजण होते.

"काय म्याडम, इमान काढलं का न्हाई अजून? का इमानबी सोलापूरला बंद पडलं?"

हशा झाला. मी तिथेच थांबले आणि विमानाला दोन इंजिने असतात, एक बंद पडले तरी दुसऱ्यावर ते सुरक्षित उतरू शकते, हे पाच मिनिटे सविस्तर सांगितले.

"एवढं समदं ठाव हाय, मंग जाऊन काहून न्हाई राहिल्या?"

"जाणार आहे. तुमचा ट्रॅक्टर पाडव्याला तुमच्याच रानात चालेल, एवढे लक्षात ठेवा."

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. बरे वाटले. घरी आल्यावर तिकिटाचे पान पुन्हा उघडले आणि मिटले. नेटवर्क बहुधा पुन्हा जाणार होते.

कोल्हापूरच्या केंद्रातून फोन होता. अंडी एकवीस तारखेला उबवणीला घालतील. न्यायला कोण येणार ते वीसपर्यंत कळवायचे.

२० मार्च, गुरुवार

शेवटचा दिवस म्हणून सकाळीच ऑनलाइन सेवा केंद्रात गेले. द्वारकाबाई आधीपासून बाकावर बसलेल्या होत्या. म्हणाल्या, बाजाराला आले होते. आज बाजार नाही.

केंद्रातल्या मुलाने पान उघडले. "नाव सांगा, म्याडम."

मी त्याला आधी विमानाचा प्रकार तपासायला सांगितला. मग परतीचे नियम. मग हवामानाचा अंदाज. मग त्या दिवशीचा वारा कोणत्या दिशेने असेल ते. तो म्हणाला, वारा या पानावर येत नाही. मी म्हणाले, मग उद्या येते.

"उद्या एकवीस," द्वारकाबाई म्हणाल्या.

त्या उठल्या, ब्लाऊजमधून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून आधार कार्ड काढले आणि काउंटरवर ठेवले.

"हे नाव घाल, बाळा. खिडकीची दे."

"द्वारकाबाई, अहो, तुम्ही कधी…"

"तुमी तरी कधी बसल्या, म्याडम?"

मी बसलेले नाही, हे खरे आहे.

"तुमी हितं ऱ्हावा. शेड धुवायचं हाय, फवारायचं हाय, ते तुमच्याबिगर कुनाला येतं? मी जाते. मला कोन अडिवतंय?"

विचार केल्यावर लक्षात आले, की त्यांचे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या अगदी योग्य आहे. अंडी येण्याआधीचे निर्जंतुकीकरण मी स्वतः करणे हेच सर्वांत महत्त्वाचे. हे मला आधी कसे सुचले नाही, याचे आश्चर्य वाटते. बालाजींना सांगितले, तर ते हसले. कशाला, ते कळले नाही. आज पंधरा दिवसांनी पोटभर जेवले.

२४ मार्च, सोमवार

द्वारकाबाईंना रोज एक तास शिकवते आहे. मुख्य धडा अंधाराचा. उबवणीच्या आठव्या दिवशी प्रत्येक अंड्यात एक काळा ठिपका दिसू लागतो. ते अळीचे डोके. त्या क्षणापासून अंडी काळ्या कागदात गुंडाळून दोन दिवस पूर्ण अंधारात ठेवायची. अंधारात पुढे गेलेल्या अळ्या थांबतात, मागे राहिलेल्या त्यांना गाठतात. दहाव्या दिवशी पहाटे कागद काढून दिवा लावला, की सगळ्या एकदम बाहेर पडतात. पण मध्येच उजेड लागला, तर पुढच्या घाई करतात आणि सगळा मेळ मोडतो.

"म्हंजी पेटी उघडायची न्हाई," द्वारकाबाई म्हणाल्या.

"कुणी सांगितले तरी नाही."

"पोलिसानं सांगितलं तर?"

हा प्रश्न मी आधीच सोडवला आहे. विमानतळाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी तीन पानी पत्र तयार केले: प्रस्तावना, अंड्याची रचना, प्रकाशाचा परिणाम, तक्ता, आणि रेशीम कार्यालयाचा शिक्का. शिवाय सतरा सूचनांची यादी. पाचशे अंडीपुंज म्हणजे सुमारे अडीच लाख अंडी, आणि वजन जेमतेम दीडशे ग्रॅम! चपलांच्या खोक्याएवढी पेटी. द्वारकाबाईंनी रिकामी पेटी कडेवर घेऊन केंद्राला दोन फेऱ्या मारून पाहिल्या.

२८ मार्च, शुक्रवार

काल संध्याकाळी सहाला परभणीहून त्यांची बस गेली. सकाळी दहाला फोन: "मिळाली. पेटी गार हाय." दुपारी बाराला: "आलेय तिथं. लई मोठं दुकान हाय हे, माय." त्यानंतर फोन बंद.

बालाजी आणि मी अडीचलाच नांदेडच्या विमानतळाबाहेर उभे होतो. तीन वाजून अठरा मिनिटांनी दक्षिणेकडून विमान आले. धावपट्टीला चाके टेकली ती तीन एकोणीसला. माझ्या तळहातांना घाम होता. हवेत त्या वेळी एकोणचाळीस अंश.

द्वारकाबाई सर्वांत शेवटी बाहेर आल्या. हिरवे लुगडे, कडेवर काळी पेटी, चाल अशी की जणू पिढ्यान्‌पिढ्या विमानातूनच येजा चालली आहे.

"उघडली का?" मी पहिला प्रश्न विचारला.

"गाडीत बसा आधी. सांगते."

गाडीत सांगितले ते जसेच्या तसे लिहिते.

"तिथं एक खाकीतली पोरगी हुती. म्हने, ये काला काला क्या है? म्या म्हन्लं, अडीच लाख लेकरं झोपलीत, उजेड लागला की उठतील. ती म्हने, खोलो. म्या म्हन्लं, न्हाई खोलत. मागं ही लाईन लागली! एक कोटवाला म्हने, मावशी, आमचं इमान जाईल. म्या म्हन्लं, जाईल तर माझंबी जाईल, तू एकलाच हाईस का?"

"पत्र दाखवले का?"

"दाखवलं की. तिला मराठी येईना. मंग ती मला बायांची झडती घेतात त्या पडद्याआड घिऊन गेली. तिथं अंधारच हुता. म्या म्हन्लं, आता खोल. वरून पदर धरला, दोघींनी पदरात डोस्की घातली, अन् तिनं मोबाइलचा जरासाक उजेड केला. म्हने, इतने छोटे? म्या म्हन्लं, तूबी एवढीच हुतीस."

"किती वेळ?" मी वही काढली. "उजेड किती वेळ होता?"

"आता माय, घड्याळ बघू का पदर धरू?"

मी अंदाजे दोन ते तीन मिनिटे अशी नोंद केली. हे वाईट आहे. बालाजींनी आरशातून माझ्याकडे पाहिले.

"अन् खिडकीतून ऊन येत हुतं पेटीवर. तुमचं ते पत्र झाकलं वरून. जाड हाय, बरं झालं."

वसमतपर्यंत त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "गोदावरी एवढीशी दिसती वरून. कासऱ्यासारकी. कुनीतरी टाकून दिलेला बैलाचा कासरा." आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागल्या. बाहेर तर फक्त उसाच्या ट्रॉल्या होत्या.

पेटी पाच पंधराला अंधाऱ्या खोलीत ठेवली.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

पहाटे साडेपाचला काळा कागद काढला आणि दिवे लावले. द्वारकाबाई आणि कोमल जवळ होत्या. सहा वाजेपर्यंत काहीच नाही. मग अंड्यांच्या एका कागदावर कुणी काजळाची डबी सांडावी तशा काळ्या अळ्या पसरल्या. मग दुसऱ्या. कितीही वेळा पाहिले तरी हे दृश्य मला बोलू देत नाही. कोमलने तसे म्हणूनही दाखवले.

आठ वाजता मोजणी केली. पाच कागद, प्रत्येकी शंभर अंड्यांचा नमुना. शंभरातली एकाहत्तर फुटली होती.

चांगल्या बॅचला पहिल्या दिवशी नव्वद लागतात. मी तीनदा मोजले. एकाहत्तर. ती दोन-तीन मिनिटे.

आकडा लपवणे माझ्या स्वभावात नाही. दोन बांध ओलांडून द्वारकाबाईंच्या शेतावर गेले. त्या माझ्याआधीच तिथे पोचल्या होत्या. ट्रॅक्टर तुतीच्या तोंडाशी उभा, बॉनेटवर झेंडूचा हार आणि हळदकुंकू. उकंडरावांच्या हातात नारळ. तुती कमरेइतकी, नुकती तरारलेली.

"बोला म्याडम. बराबर निघाल्या का?"

"एकाहत्तर टक्के," मी म्हणाले. "नव्वद अपेक्षित होत्या. विमानतळावर उजेड लागला, त्याचा हा परिणाम असावा."

"ऐकलं का वैनी? म्याडम सोता म्हनून राहिल्या. नव्वद पायजे हुत्या." त्यांनी ड्रायव्हरला हात केला. इंजिन सुरू झाले.

द्वारकाबाई माझ्याकडे वळल्या. "बाकीच्या मेल्या का?"

"नाही. बहुतेक उद्या सकाळी फुटतील. त्या वेगळ्या ठेवाव्या लागतील, पाला वेगळ्या वेळी घालावा लागेल. मेहनत दुप्पट. पण…"

"मंग झालं तर."

त्या पुढे गेल्या, दिराच्या हातातला नारळ घेतला, बांधावरच्या दगडावर आपटला आणि त्याचे पाणी तुतीच्या पहिल्या ओळीवर शिंपडले. एक कवड उकंडरावांच्या हातात ठेवली.

"म्याडमचं नव्वद म्याडमपाशी. रान माझ्या नावावर हाय, भावजी. तुमचा नांगर तुमच्या रानात घाला, सनासुदीचा खोळंबा नका करू."

"अन् उद्या न्हाई निघाल्या तर?"

"तर पुन्यांदा आनीन. सव्वा तास तर लागतो. तुमाला औंढ्याहून बियानं आनायला दिवस जातो."

ड्रायव्हर हसला आणि मग खोकू लागला. उकंडरावांनी कवड बॉनेटवरच्या हाराशेजारी ठेवली. नंतर त्यांनी ट्रॅक्टर मागे घ्यायला सांगितला. तो मागे घेताना चाकाखाली तुतीची तीन झाडे गेली. द्वारकाबाईंनी तिथल्या तिथे ती कापून पाला ओच्यात घेतला.

त्यांचे विधान तांत्रिकदृष्ट्या चुकीचे आहे. सव्वा तास हा फक्त विमानतळ ते विमानतळ; त्यांना जाऊन येऊन सव्वातेवीस तास लागले. सांगण्यासाठी मी तोंड उघडलेसुद्धा होते. मग मिटले. केंद्रावर पावणेदोन लाख अळ्या उपाशी होत्या, आणि कोवळा पाला त्यांच्यासाठी बारीक कापायला एक तास लागतो.